परवाची गोचीड

१९ मे

मास्तरीणबाईंशी आज पहिलं भांडण. मी सांगितलं, "शेळी व्याली." त्यांनी लिहिलं, "शेळीने दोन पिल्लांना जन्म दिला." वाचून दाखवलं तेव्हा कळलं. म्हटलं, बाई, जन्म तुमच्या शाळेत देतात. माझ्या गोठ्यात शेळी व्याते.

शेजारीण आहेत. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, हाताला खोडच ती. शेवटी ठरलं — मी बोलायचं, त्यांनी जसंच्या तसं उतरवायचं. सुधारायचं नाही. चहा माझा, पेन त्यांचं. आणि इथलं इथेच. वही माझ्या ट्रंकेत, किल्ली माझ्या कमरेला.

हे सगळं कशाला म्हणून विचारलं त्यांनी. जनावरांच्या डॉक्टरकडे माझ्या सातही शेळ्यांची वही आहे. कोण कधी व्याली, कुणाला काय टोचलं. माझं कुठे काही लिहिलेलं नाही. शेळीहून मी काय वाईट?

२१ मे

भिंगरीच्या गुडघ्यामागे गोचीड. माझी नात, नऊ वर्षांची, एका जागी बसली तर ताप आलाय समजायचं. दिवसभर शेळ्यांमागे गवतात लोळते, मग दुसरं काय होणार?

एवढीशी होती. खसखशीचा दाणा. शेळ्यांवर असतात त्या हरभऱ्याएवढ्या, त्या आंधळ्यालाही दिसतात. ही मला डोळ्यांनी दिसलीच नाही, पाय पुसताना बोटाला लागली. चाळीस वर्षं या बोटांनी गोचिडी वेचल्यात.

भिंगरी म्हणाली, काढ. म्हटलं, उपाशी गोचीड ओढू नये, तोंड आत राहतं. पोट भरलं की आपली आपण गळते. भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये! वरून तेलाचा थेंब लावला. ती म्हणते, आजी, ती मला खातेय. म्हटलं, तुझ्या अंगावर आहे काय तिला खायला? हाडं?

सुनेला सांगितलं नाही. ती पहाटे बिस्किटांच्या कारखान्यात जाते, चारला उभी राहून राहून पाय सुजवून येते. तिला सांगितलं की लगेच दवाखाना. मुलगा तिकडे जहाजाच्या इंजिनात, थंडीशिवाय येत नाही. घरात दवाखान्याचं वेड एकट्या सुनेला, आणि घरगुती शहाणपण एकट्या मला.

२३ मे

गोचीड फुगली होती, तिळाएवढी. गळेना, म्हणून नखाने काढली. फुटली. नखावरचं रक्त भिंगरीला दाखवलं — बघ, हे तुझं. ती किंचाळत पळाली. मी हसले.

३१ मे

भिंगरीच्या गुडघ्यामागे लाल कडं उठलंय. बांगडीएवढं, मध्ये फिकट. दुखत नाही म्हणते, खाजतही नाही. सुट्टीतही शाळेचेच मोजे घालून हिंडते, त्यांचं रबर घट्ट आहे. कापून सैल केलं.

४ जून

मास्तरीणबाईंना सर्दी. अक्षर बिघडलंय म्हणाल्या. म्हटलं, मला सगळं सारखंच दिसतं, तुम्ही बिनधास्त शिंका.

८ जून

भिंगरीला ताप. अंग दुखतंय, मान दुखतेय. सून कारखान्यात, म्हणून मीच घेऊन गेले कोपऱ्यावरच्या दवाखान्यात. तिथला डॉक्टर कोवळा आहे, मिशी अजून विचार करतेय यावं की नाही. पण चौकस. घसा बघितला, कान बघितले, मग विचारलं, शेळ्या आहेत ना तुमच्याकडे? गोचीड वगैरे चावली होती का?

म्हटलं, हो, परवाच काढली की मी.

त्याने लिहून घेतलं. म्हणाला, आजी, मग हा ताप तिचा नाही. गोचिडीच्या आजाराला वर यायला आठवडा तरी लागतो, कधी तीन-चार आठवडे. हा साधा ताप दिसतो, साथ आहे. गोळ्या दिल्या, पाणी भरपूर पाजा म्हणाला. कडं आता गेलंय, त्यामुळे मोज्याची गोष्ट काही निघाली नाही.

हुशार आहे हो पोरगा. सुनेला संध्याकाळी सगळं सांगितलं, गोचिडीसकट. ती जरा घुटमळली. मग म्हणाली, डॉक्टरने विचारलं ना, मग ठीक.

हे लिहिताना मास्तरीणबाईंचं पेन थांबलं. काय झालं विचारलं. काही नाही म्हणाल्या. चहा निवला होता, दुसरा केला.

११ जून

ताप गेला. भिंगरी पुन्हा गरगरतेय. सुनेला म्हटलं, बघ.

२० जून

भिंगरी गोठ्यापर्यंत जाते आणि दगडावर बसते. दम लागतो म्हणते. काल जिन्यात मधल्या पायरीवर बसली होती. म्हटलं, म्हातारे, सरक, मला वर जाऊ दे. हसली नाही.

तापाचा अशक्तपणा असेल. दूध वाढवलंय.

२४ जून

आज भिंगरी पडली.

पाण्याची बादली घेऊन येत होती. अर्धीच भरलेली, मी पूर्ण उचलू देत नाही. बादली आधी पडली, मग ती. मला वाटलं घसरली. ओरडले तिच्यावर, डोळे फुटले का म्हणून. ती उठेना.

ओठ पांढरे. थोड्या वेळाने डोळे उघडले, म्हणाली, आजी, मी ओली कशी झाले?

मास्तरीणबाईंनी त्यांच्या भाच्याची गाडी बोलावली. मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे छातीला तारा चिकटवल्या. नाडी अडतीस. नर्सने मोजली, मग पुन्हा मोजली, मग पळत गेली. पळणारी नर्स मी याआधी पाहिली नव्हती.

सून कारखान्यातून तशीच आली, डोक्यावर जाळीची टोपी, हाताला पिठाचा वास. शेळ्या आहेत म्हणून मला घरी पाठवलं. धार काढली. आचळ हातात धरलं की हात आपोआप चालतात, बरं आहे.

२५ जून

मोठी डॉक्टरीण सांगते, हृदयाच्या वरच्या खोलीतला हुकूम खालच्या खोलीपर्यंत पोचत नाही. मधे निरोप अडतो. कधी पोचतो, कधी उशिरा पोचतो, कधी मुळीच नाही. का अडतो ते माहीत नाही. जन्माचं असेल. तापाने सूज आली असेल. आणखीही पाच-सहा कारणं आहेत, प्रत्येकाचं औषध निराळं. चुकीचं दिलं तर हाताशी वेळ नाही.

तिने गोचिडीचंही विचारलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरचा कागद तिच्याकडे होता. तिने वाचला, त्यात हा ताप गोचिडीचा नाही असं होतं, म्हणून बाजूला ठेवला. सुनेने माझ्याकडे पाहिलं. आई, कधी काढली होती गोचीड?

म्हटलं, सांगितलं ना तेव्हा. ताप आला त्याच्या परवा.

सुनेने मान हलवली.

खरं सांगायचं तर मला तारखा येत नाहीत. माझे दिवस शेळ्यांवर चालतात. काळी व्याली तेव्हा, तांबडी लंगडली तेव्हा. काल म्हणजे काल, आणि त्याच्या पलीकडचं सगळं परवा. लग्न झालं तेही मला परवाच वाटतं. असं कोण मोजतं?

२६ जून

सकाळी मास्तरीणबाई आल्या त्या बसल्याच नाहीत. वही द्या म्हणाल्या. ट्रंक उघडून दिली. मागची पानं उलटली आणि उभ्या उभ्या वाचलं.

तेवीस मे, गोचीड फुगली होती, नखाने काढली. आठ जून, ताप, परवाच काढली.

मग म्हणाल्या, "काकू, मधे सोळा दिवस आहेत."

मी म्हटलं, मग?

"डॉक्टर दोन दिवस समजला. म्हणून त्याने ती सोडून दिली. सोळा सांगितले असते तर त्याने तेव्हाच औषध दिलं असतं. आणि मला त्याच दिवशी खटकलं होतं. पेन थांबलं होतं माझं. पण आपलं ठरलं होतं, सुधारायचं नाही."

आधी मला तिचा असा राग आला की हातात काही असतं तर मारलं असतं. आयुष्यभर लोकांच्या पोरांचे काने-मात्रे सुधारत बसली ही बाई, आणि एक शब्द सुधारायचा तेव्हा कराराला जागली! बोलले. खूप बोलले. ती उभी राहून ऐकत होती. मग माझं मलाच ऐकू आलं. शब्द कुणाचा होता?

ती म्हणाली, मी एकटी जाते. डॉक्टरणीला बाजूला घेऊन तारीख सांगते. तुमच्या सुनेला कळायचं कारण नाही. तारखेची चूक कुणाचीही होते.

तारखेची होते. पण वहीत त्याच्या आधीचं, तेल लावल्याचंही पान आहे. ते तिने वाचलं नाही. तिच्याच हातचं आहे, तिला पाठ असणार.

म्हटलं, चला, मीपण येते.

(हे रात्री आठला लिहून घेतलंय. दोघींनीही चहा घेतला नाही.)

डॉक्टरणीला तारीख सांगितली, गुडघ्यामागच्या लाल कड्याचंही सांगितलं. ती लगेच उठली, दोन ठिकाणी फोन केले. थोड्या वेळाने प्रयोगशाळेतली एक बाई आली, पांढरा डगला, केस पोरासारखे कापलेले. तिचं कामच गोचिडींचं. त्यांना पाळते, काचेच्या डबीत भरवते, मग कापून आत बघते. तिने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली. सून पलीकडे, भिंगरीच्या पायाशी.

तिने विचारलं, किती वेळ चिकटलेली होती? तुम्हाला दिसली तेव्हाच काढलीत का?

हो म्हणता आलं असतं. मुंडी हलवली असती तरी चाललं असतं. कडं, ताप, तारीख, एवढ्यावर औषध सुरू होणारच होतं, डॉक्टरणीने तसं सांगितलंही होतं. हे ती नुसतं तिच्या कागदासाठी विचारत होती.

मी म्हटलं, "नाही. दोन दिवस ठेवली. मुद्दाम. भरली की गळते म्हणून."

सुनेचा हात भिंगरीच्या पावलावर होता, तो तिथेच थांबला. "तुम्हाला दिसली होती?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीत."

म्हटलं, नाही सांगितलं.

मग मी त्या बाईला म्हटलं, मला सांगा काय होतं त्या दोन दिवसांत. ती सांगेना. जाऊ द्या आजी म्हणाली. म्हटलं, चाळीस वर्षं गोचिडी काढल्यात, मला माहीत असायला हवं. तेव्हा तिने हळूहळू सांगितलं, मी शाळेत गेले असते तर ऐकलं असतं तसं ऐकलं.

हा ताप देणारा, हृदयाचा निरोप अडवणारा जंतू गोचिडीच्या पोटात असतो. पोटाच्या भिंतीला चिकटून, महिनोन्‌महिने, काही न करता. गोचीड उपाशी, तोही उपाशी. ती चावली की लगेच तो आपल्या अंगात येत नाही. आधी रक्त तिच्या पोटात जातं, ऊब लागते, तेव्हा तो जागा होतो. एकाचे शंभर होतात. अंगावरचं जुनं पांघरूण टाकतात, दुसरं घेतात, कारण आता घर बदलायचं आहे. मग पोटाची भिंत पार करायची. ते कठीण, बरेचसे तिथेच अडकून मरतात. थोडे पलीकडे निघतात, तिच्या अंगातल्या पाण्यातून वाहत तिच्या लाळेच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. तिथून लाळेबरोबर आपल्यात. चावताना ती लाळेनेच कातडी बधिर करते, म्हणून पोराला काही कळत नाही.

या सगळ्याला दीड दिवस लागतो. कधी दोन.

मी विचारलं, पहिल्या दिवशी संध्याकाळी मला बोटाला लागली. तेव्हाच काढली असती तर?

ती डबीचं झाकण फिरवत बसली. तिच्या खिशात रिकामी डबी होती. मग म्हणाली, "तेव्हा बहुतेक काही झालं नसतं, आजी."

म्हणजे ते जंतू चालत होते तेव्हा मी शेजारी बसले होते. वरून तेल लावून.

२७ जून

काल रात्रीच शिरेतून औषध सुरू झालं. आज मानेतून एक तार आत घातली, पार हृदयापर्यंत. बाहेर एक पेटी आहे, ती ठोके देते. हृदय विसरलं की पेटी आठवण करते. नाडी पेटीची, पोर आपली.

भिंगरीने विचारलं, आजी, ही पेटी बंद पडली तर? म्हटलं, शेजारी मी आहे की, कानफटात मारीन तिच्या. हसली थोडी. तार हलते म्हणून नर्सने हसायला मनाई केली.

२८ जून

सून माझ्याशी बोलते. आई, डबा आणलात का. आई, औषधाची वेळ झाली. तेवढंच. आवाज चढवत नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

२९ जून

काही नाही. पेटी चालू.

१ जुलै

मास्तरीणबाई म्हणतात, वही बंद करू या. लिहिण्याने काय साधलं? म्हटलं, लिहिलं नसतं तर तारीख कुठून मिळाली असती? मला तर अजून परवाच वाटतंय.

आता नवा करार. खटकलं की सुधारायचं. तिने मान डोलावली. बाकी आज काही सांगितलं नाही मी, सुधारायला काही नव्हतं.

कोपऱ्यावरचा कोवळा डॉक्टर इस्पितळात आला होता. भिंगरीच्या खाटेशी उभा राहिला. मला म्हणाला, आजी, मी पुन्हा विचारायला हवं होतं. तारीख कोणती, वार कोणता. मी म्हटलं, बाळा, तू विचारलं असतंस तरी मी परवाच म्हटलं असतं. त्याचे डोळे भरले. माझे नाही. मला रडायची सवय नाही, शेळ्या घाबरतात.

४ जुलै

डॉक्टरणीने पेटी दहा मिनिटं बंद करून पाहिली. आम्ही सगळे त्या हिरव्या रेघेकडे बघत होतो. रेघ सपाट झाली की उडी, सपाट झाली की उडी. उड्या पोरीच्या स्वतःच्या. नाडी बावन्न. निरोप पोचतोय, उशिरा का होईना.

सून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले. तिने पाठ आखडली. मी हात काढून घेतला.

६ जुलै

तार काढली. नाडी अडुसष्ट. डॉक्टरीण म्हणाली, अशी पोरं बहुधा पूर्ण बरी होतात, वेळेत औषध मिळालं तर. वेळेत म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. शहाणी बाई.

९ जुलै

भिंगरी घरी. जिना चढली, न थांबता. वर जाऊन विचारलं, आजी, किती पायऱ्या? म्हटलं, तुला माहीत, मला मोजता येत नाही. म्हणाली, अठरा. उद्यापासून मी तुला मोजायला शिकवते.

सुनेने आज तिचं अंग खालपासून वरपर्यंत तपासलं. बोटांच्या बेचक्या, गुडघ्यांमागे, कानांमागे, केसांत. माझ्यासमोर. मग माझ्याकडे न बघता मला म्हणाली, शेळ्यांकडे ती आता जाणार नाही. मी बरं म्हटलं.

१० जुलै

भिंगरीने वीसपर्यंत शिकवलं. तेराशी मी अडते. ती म्हणते, आजी तू ढ आहेस. मास्तरीणबाई खूश.

१२ जुलै

सून भिंगरीला घेऊन माहेरी गेली. पोरीला वाटतंय सुट्टीला. तिकडची शाळा ठरलेली आहे, मला कालच कळलं.

दारात म्हणाली, "आई, तुम्ही खरं सांगितलंत, मी ते विसरणार नाही. पण ते ऐकल्यापासून मला तिला तुमच्याजवळ सोडून कामाला जाववत नाही." मी म्हटलं, जा.

बस नाक्यापर्यंत पिशवी मी घेतली. दोन्ही बाजूंना गवत कमरेएवढं वाढलंय. भिंगरीला रस्त्याच्या मधोमध चालवलं.